दोन डिस्क, एकच नाव

हिंगणघाटकडच्या एका जिनिंगमधून फोन आला तेव्हा कापसाचा हंगाम ऐन भरात होता. ऑफिसच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क बसली होती. नवी टाकली, लिनक्स चढवलं, दिवाणजींनी हातात दिलेल्या डिस्कवरून बॅकअप परत घेतला. इथवर रोजचंच. पण काट्याच्या अलीकडच्या पावत्या काही दिसेनात. त्यातल्याच एका पावतीचा शेतकरी चुकाऱ्यासाठी बाहेर बाकावर बसलेला, हातात सही-शिक्क्याचा कागद. तरी दिवाणजी म्हणतात, "कॉम्प्युटरमंदी नाही तं पैसे कसे देऊ भाऊ?" कागद त्यांनीच फाडून दिलेला!

"काका, दुसरी डिस्क आहे का?"

"हाये नं. ड्रावरात. पहिले एक घरी राहे, एक इथं. हंगामात काढघाल कोन करते? दोन्ही लावूनच ठेवल्या होत्या."

तिथेच शंका आली. दोन्ही जोडून डिस्कांची यादी दाखवणारी 'एलएसबीएलके -एफ' कमांड मारली. दोघींचं लेबल, म्हणजे आपण दिलेलं नाव, 'बॅकअप'. ते एक वेळ चाललं असतं, पण यूयूआयडी, एरवी कधी जुळू नये असा लांबलचक ओळखक्रमांक, तोसुद्धा अक्षरन् अक्षर सारखा! म्हणजे आधीच्या टेक्निशियननं दुसरी डिस्क 'डीडी' या कॉपी करणाऱ्या कमांडनं पहिलीवरून जशीच्या तशी उतरवली होती. फाइल-सिस्टिमचा यूयूआयडी डिस्कवरच लिहिलेला असतो, कॉपीत तोही जातो. कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या एफस्टॅब फाइलमध्ये लिहिलेलं होतं 'लेबल=बॅकअप'. दोन्ही लावल्या की सिस्टिम त्यातली एकच उचलणार, आणि कोणती ते दरवेळी सारखं असेलच असं नाही. एक डिस्क ताजी राहिली, दुसरी मागे पडली, आणि मला मिळाली ती मागे पडलेली.

ड्रॉवरातल्या डिस्कवर पावत्या निघाल्या. बाकावरच्या माणसाचा चुकारा त्याच दुपारी झाला.

मग नावं बदलायला बसलो. लिनक्स आपणहून देतं त्या एसडीबी-एसडीसी या नावांवर भरवसा ठेवू नये, केबल इकडची तिकडे झाली की तीही बदलतात. म्हणून एका वेळी एकच डिस्क लावली, अनमाउंट केली. दिवाणजींची हौस, नाव मराठीत पाहिजे. डिस्कवरच्या एक्सट४ या फाइल-सिस्टिमचं लेबल १६ बाइटचं आणि देवनागरीत प्रत्येक अक्षराला, प्रत्येक मात्रेला ३ बाइट. 'घरचा' १२ बाइटांत बसतं, 'जिनिंग'ला १८ लागतात. शिवाय नुसत्या काळ्या कन्सोलवर देवनागरी दिसतच नाही. शेवटी इंग्रजी अक्षरांत 'घर' आणि 'ऑफिस' ठेवलं. 'ई२लेबल', डिव्हाइस, नवं नाव, एंटर. झालं. डेटाला धक्का नाही. यूयूआयडीनं मात्र घाम काढला. नवा यूयूआयडी देणारं 'ट्यून२एफएस -यू रँडम' म्हणालं, आधी 'ई२एफएससीके -एफ'नं डिस्क तपासून आण. ती तपासणी भरलेल्या डिस्कवर सावकाश चालली, तोवर चहा झाला.

आधीच्या पोराला फोन केला. तो आता पुण्यात. म्हणाला, "दादा, नाव मुद्दामच सारखं ठेवलं. कोणतीबी लावा, बॅकअपची स्क्रिप्ट चालली पाहिजे." त्याचंही खोटं नाही, एका वेळी एकच लावली असती तर वर्षानुवर्षं चाललं असतं. पण हंगामात रात्री उशिरापर्यंत काटा चालणाऱ्या ऑफिसात ही शिस्त कोण पाळणार, याचा विचार त्यानं केला नाही, आणि कागदावरही काही लिहून ठेवलं नाही. ते मला जास्त खटकलं.

आता स्क्रिप्ट दोन्ही नावं शोधते. एक सापडली तर बॅकअप घेते, दोन्ही दिसल्या तर थांबून 'एक काढा' म्हणते. परवा दिवाणजींचा फोन होता. "भाऊ, पहिलंच बरं होतं. हे तं अडूनच बसते!"