तीन जुलै, पेर लाशेज, विभाग सहा

आधी कामाचं सांगते. पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत ‘द डोअर्स’ या अमेरिकन रॉक बँडचा गायक जिम मॉरिसन याच्या कबरीपाशी जायचं असेल तर मेट्रोच्या ‘पेर लाशेज’ स्टेशनवर उतरू नका. दफनभूमीचं नाव तेच, म्हणून आम्ही तिथे उतरलो, बाजूच्या लहान दारातून आत शिरलो आणि पाऊण तास भलतीकडेच चढत राहिलो. त्याच २ नंबरच्या निळ्या लाइनवर पुढचं स्टेशन आहे ‘फिलिप ओग्युस्त’. तिथे उतरलात की मुख्य दरवाजा दोन-तीन मिनिटांवर. आत गेल्यावर उजवीकडे वळून चढ धरायचा आणि विभाग सहा शोधायचा. नकाशा हातात ठेवाच. जागा ४४ हेक्टर, म्हणजे शंभर एकरांहून जास्त, आणि वाटा एकीसारखी दुसरी.

जायचं दादाच्या डोक्यात होतं. मी आपली सोबतीला. १९८६ साली हॉस्टेलवरून सुट्टीला येताना त्याने ‘द डोअर्स’ची एक डब केलेली कॅसेट आणली होती. कव्हरवर निळ्या बॉलपेनने मराठीत ‘डोअर्स – बाजू पहिली, बाजू दुसरी’ असं लिहिलेलं. बाबा घरी नसले की टेपरेकॉर्डरचा आवाज वर जायचा. मला तेव्हा त्यातलं गाणं कमी आणि ऑर्गन जास्त आवडायचं. तो ऑर्गन वाजवणारा रे मँझारेक डाव्या हाताने बेसही वाजवायचा, कारण स्टेजवर त्यांच्याकडे बेस वाजवणारा माणूसच नसायचा, हे दादाने मला इतक्यांदा सांगितलंय की आता ते मला रेशनकार्डाच्या नंबरासारखं पाठ आहे.

२०२५ चा तीन जुलै, म्हणजे जिमचा स्मृतिदिन, आम्ही ठरवून गाठला, पण मुहूर्त काही धड नव्हता. एक तारखेला उन्हापायी आयफेल टॉवरचा माथा बंद. तीन आणि चारला फ्रान्समधल्या हवाई वाहतूक नियंत्रकांचा संप. आम्ही दोन दिवस आधी पोचलो होतो म्हणून सुटलो. दादाचा एक मित्र त्याच दिवशी सकाळी यायचा होता, त्याचं विमान रद्द झालं आणि तो विमानतळावरूनच व्हिडिओ कॉलवर आमच्याबरोबर फिरला. तेव्हा अशा दिवसासाठी जाणार असाल तर आदल्या दिवशीचं येणं धरू नका, दोन दिवसांची मोकळी जागा ठेवा.

आदल्या संध्याकाळी मारे भागातल्या ऱ्यू बोत्रेयी या रस्त्यावर गेलो. १७ नंबरची इमारत. ३ जुलै १९७१ ला इथल्या एका फ्लॅटच्या बाथटबमध्ये जिम मेलेला सापडला. वय २७. कागदोपत्री कारण हृदय बंद पडल्याचं, शवविच्छेदन झालंच नाही, आणि त्या एका गोष्टीवर पन्नास वर्षं अफवांचं पीक निघतंय. तो मेलाच नाही इथपासून तो मेला भलत्याच ठिकाणी इथपर्यंत. प्रत्यक्षात बघण्यासारखं तिथे काही नाही. एक मोठं दार, वर खिडक्या, आणि आत राहणारी माणसं, ज्यांचा या सगळ्याशी काडीचा संबंध नाही. समोरच्या फुटपाथवर उभं राहा, दोन मिनिटं बघा, निघा. बेल वाजवणाऱ्यांपैकी होऊ नका. मेट्रोने आलात तर १ नंबरच्या लाइनवर सँ-पोल स्टेशनला उतरून चालत जाता येतं.

मेट्रोचं सांगायचं तर त्या वर्षी एका प्रवासाला अडीच युरो होते, आणि त्यासाठीचं ‘नाविगो ईझी’ कार्ड दोन युरोंना वेगळं. एका कार्डावर दोघांना एकत्र जाता येत नाही. दादाने ते करून पाहिलं आणि आडव्या दांडीने त्याला पोटावर अडवलं.

तर तीन तारीख. कबर म्हणून तुमच्या डोळ्यांपुढे काही भव्य असेल तर ते आधी काढून टाका. इतर मोठ्या दगडी छत्र्यांच्या मागे, दोन रांगांच्या बेचक्यात, गुडघाभर उंचीचं एक साधं चौकोनी प्रकरण आहे. सभोवती लोखंडी कठडे, त्यामुळे तीन-चार मीटर अलीकडेच थांबावं लागतं. आतल्या दगडावर ब्राँझची पाटी: जेम्स डग्लस मॉरिसन, १९४३–१९७१, आणि खाली ग्रीकमध्ये एक ओळ, ‘काता तोन दाइमोना एआउतू’. आपल्या आतल्या दैवताला धरून तो जगला, अशा अर्थाची. “म्हणजे आपला गीतेतला स्वधर्म,” दादा म्हणाला. मी म्हटलं, “दादा, अर्जुनाने इतकी दारू प्यायल्याचं ऐकलं नाही.” शेजारचा माणूस वळून बघायला लागला तेव्हा गप्प बसलो.

ती पाटी जिमच्या वडिलांनी लावून घेतली. जॉर्ज मॉरिसन अमेरिकन नौदलात अ‍ॅडमिरल, १९६४ मध्ये टोंकिनच्या आखातातल्या जहाजांच्या ताफ्याचे प्रमुख. ज्या व्हिएतनामच्या लढाईविरुद्ध मुलाची सगळी पिढी रस्त्यावर उतरली ती तिथूनच पेटली. मुलाने सुरुवातीला रेकॉर्ड कंपनीला दिलेल्या माहितीत आईवडील वारले असं खुशाल सांगून टाकलं होतं. आणि त्या बापाने मुलगा गेल्यावर त्याच्यासाठी ही ओळ निवडली. मला त्या कबरीवर बघण्यासारखं हेच एक वाटलं. जाताना झूम होणारा कॅमेरा किंवा साधी दुर्बीण घेऊन जा, कठड्यापासून अक्षरं नुसत्या डोळ्यांनी लागत नाहीत.

पुरलं तेव्हा चार-पाचच माणसं होती. त्यांत आन्येस वार्दा ही फ्रेंच दिग्दर्शिका एक. सुरुवातीला दगडसुद्धा नव्हता. १९८१ मध्ये, दहाव्या स्मृतिदिनाला, म्लादेन मिकुलिन या क्रोएशियन शिल्पकाराने घडवलेला संगमरवरी अर्धपुतळा बसला. त्यावर लोकांनी रंग फासले, नाक फोडलं, आणि १९८८ मध्ये शंभर किलोंहून जड असा तो आख्खा पुतळाच चोरीला गेला. सापडला ३७ वर्षांनी, मे २०२५ मध्ये, पॅरिस पोलिस दुसऱ्याच एका प्रकरणाची झडती घेत होते तेव्हा. आम्ही गेलो तेव्हा ही बातमी ताजी होती आणि कठड्याभोवती प्रत्येकाच्या तोंडी तीच. पुतळा परत इथे बसवावा की नाही यावर दोन इटालियन बायकांचं चक्क भांडण झालं. माझं मत विचाराल तर बसवू नये. पुन्हा नाक जाईल.

आम्ही साडेनऊला पोचलो, तेव्हा वीसेक जण होते. अकरानंतर गर्दी झाली. दरवाजे शनिवार-रविवार सोडून आठला उघडतात, शनिवारी साडेआठ, रविवारी नऊ. प्रवेश फुकट. पाटी निवांत बघायची असेल तर उघडल्या उघडल्या या, आणि माणसं बघायची असतील तर दुपारी. मी दुपारच सुचवीन. खरी मजा त्या गर्दीतच आहे. सत्तरीचे लांब पांढऱ्या केसांचे लोक, त्यांच्या नातवंडांच्या वयाची पोरं, सगळ्यांच्या टी-शर्टवर तोच एक उघडा, हडकुळा तरुण. तो २७ चा तो २७ चाच, आणि समोरचे सगळे म्हातारे होत चाललेले.

आत गाणी वाजवायला, दारू प्यायला बंदी आहे आणि त्या दिवशी पहारेकरी बारीक लक्ष ठेवून असतात. एका माणसाने गिटार आणली होती. पहारेकऱ्याने नुसतं बोट हलवलं. मग तो गिटार मांडीवर घेऊन तारा न छेडता डाव्या हाताची बोटं फिरवत बसला आणि भोवतीचे दहाबारा जण ओठांतल्या ओठांत गात राहिले. आवाज असा नाहीच. कुठलं गाणं ते दादाला बोटांवरून कळलं, मला नाही.

साडेबाराच्या सुमाराला खालच्या वाटेवरून एक काळी गाडी हळूहळू वर आली. मागे दहा-पंधरा माणसं, काळ्या कपड्यांत, एक बाई दोघांच्या आधाराने चालणारी. पेर लाशेज अजून चालती दफनभूमी आहे, हे आपण पर्यटक विसरतो. कोणी सांगितलं नाही, पण आमच्या बाजूची कुजबुज बंद झाली, एकाने टोपी काढली, गिटारवाल्याने गिटार मागे सरकवली. गाडी वळणाआड गेली तरी बराच वेळ कोणी बोललं नाही. इथे येणाऱ्याला एकच विनंती करायची तर ही: शेजारच्या कबरींवर बसू नका. त्याही कुणाच्या तरी आहेत, आणि पन्नास वर्षांत या शेजाऱ्यांनी जिमपायी खूप सोसलंय. बाजूच्या झाडाला लोक च्युइंगम चिकटवतात, त्यापायी त्याच्या बुंध्याला बांबूची चटई गुंडाळावी लागली. आता चटईवर च्युइंगम.

कॅसेटचं राहिलंच. दादाने ती खिशात आणली होती, ठेवून यायची म्हणून. पण कठड्यापलीकडे हात पोचत नाही, लोक फुलं लांबून फेकतात. दादाने कॅसेट काढली, अंतर बघितलं, परत खिशात टाकली.

“फेकायची वस्तू आहे का ही?”

शेजारच्या पोलिश पोराने ते पाहिलं आणि बघू का म्हणून खुणेने विचारलं. कव्हरवरची लिपी कुठली ते दादाने सांगितलं, मग त्या पोराने ती पुढच्याला दाखवली, त्याने त्याच्यापुढच्याला. डोक्यांवरून कॅसेट पार पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत गेली. दादाची मान तिच्यामागे फिरत होती, लग्नात चप्पल सांभाळणाऱ्यासारखी. लोकांनी फोटो काढले. दहा मिनिटांनी परत आली तेव्हा आतल्या कागदावर कोणीतरी पेनने अगदी बारीक ‘बुखारेस्ट’ असं लिहिलेलं. दादा आधी चिडला, मग दिवसभर तेच काढून बघत होता.

बाकी थोडक्यात. पाणी आणि खाणं बरोबर ठेवा, आत दुकान नाही. वाटा गोट्यांच्या फरसबंदीच्या आहेत, चपला घालून गेलात तर घोट्याची आठवण राहील. गुडघे कुरकुरत असतील तर ३ नंबरच्या लाइनने गांबेता स्टेशनला उतरा, वरच्या दाराने आत या आणि उतरत उतरत शेवटी जिमपाशी पोचा. वाटेत लेखक ऑस्कर वाइल्ड लागतो, विभाग ८९. लोक चुंबनं घेऊन दगड लिपस्टिकने खराब करायचे म्हणून २०११ पासून भोवती काच आहे. संगीतकार शोपँ विभाग ११ मध्ये, त्याचं हृदय मात्र वॉर्सात. ‘तीस वर्षांचा करार संपला की जिमला इथून हलवणार’ असं कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या. जागा कायमची दिलेली आहे.

मला मात्र आणखी एक कबर बघायची होती. जे. आर. डी. टाटा इथेच आहेत, हे आपल्याकडे कितीजणांना ठाऊक असतं? जन्म पॅरिसचा, आई फ्रेंच, १९९३ मध्ये जिनिव्हात गेले आणि इथे आईवडिलांजवळ आले. दादाला म्हटलं होतं, तीनला निघू. तीनचे चार झाले, चारचे पाच. गिटारवाला आणि दादा एका बाकावर बसून १९७१ च्या एप्रिलमध्ये आलेला, जिम असतानाचा शेवटचा अल्बम चांगला की पहिला, यावर मोडक्या इंग्रजीत वाद घालत होते. शेवटी मी एकटी वर निघाले. अर्ध्या वाटेत घंटा वाजली. सहाला बंद होतं आणि पहारेकरी त्याच्या आधीपासूनच माणसं खाली हाकायला लागतात. त्याला नकाशावर बोट ठेवून दाखवलं, त्याने घड्याळावर बोट ठेवून दाखवलं.

खाली आले तर दादा दरवाजाबाहेर उभा, कॅसेट हातात. “मिळाले का जेआरडी?”

“उद्या सकाळी आठला,” मी म्हटलं. “आणि तू माझ्याबरोबर येणार आहेस.”