भोसरीतला ड्रायर, आखेनमधला फ्रीजर

जर्मनीत पॉलिमर शिकतेय म्हटलं की पुण्यातली मुलं मशिनरीबद्दल विचारतात. मशिनरी उत्तमच आहे. आखेनमधली आयकेव्ही ही प्लास्टिक प्रक्रियेची संस्था १९५० सालची, म्हणजे आपल्या पाषाणच्या एनसीएलच्याच (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्याच) वयाची. पण इथे येऊन मला सगळ्यात मोलाचं काही कळलं असेल, तर ते ओलाव्याचं शास्त्र.

पावसाळ्यात भोसरीच्या एखाद्या मोल्डिंग शेडमध्ये, म्हणजे प्लास्टिकचा दाणा वितळवून साच्यात पार्ट बनवतात तिथे, गेला असाल, तर नायलॉनच्या पार्टवरच्या चंदेरी रेघा पाहिल्या असतील. ऑपरेटर एक नजर टाकतो, "दाणा ओला आहे" म्हणतो आणि ड्रायर तपासायला जातो. त्या तीन शब्दांमागचं रसायन मला इथल्या वर्गात समजलं. नायलॉनच्या रेणूंच्या लांब साखळीतले अमाइड गट हवेतलं पाणी ओढून घेतात. मोल्डिंगसाठी दाण्यातला ओलावा साधारण ०.२ टक्क्यांच्या खाली हवा. पोतं उघडं राहिलं की तो त्यावर जातो. मग बॅरलमधल्या, म्हणजे दाणा वितळवणाऱ्या नळीतल्या, अडीचशेहून जास्त अंशांना त्या पाण्याची वाफ होते आणि रेघा उमटतात. तेच पाणी साखळ्याही तोडतं. रेघा निदान दिसतात, तुटलेल्या साखळ्या दिसत नाहीत. पार्ट ठिसूळ झालाय हे तो गाडीत बसल्यावर कळतं. म्हणून कोरड्या हवेत ८० अंशांच्या आसपास काही तास दाणा सुकवायचा. घाईने जास्त तापवला तर पिवळा पडतो.

कार्बन फायबरच्या लॅबमध्ये गेले तर तिथेही हाच शत्रू! रेझिन, म्हणजे चिकट राळ, आधीच मुरवलेलं कापड, म्हणजे प्रिप्रेग, उणे १८ अंशांवर ठेवतात, कारण बाहेर रेझिन हळूहळू जमायला लागतं. फ्रीजरमधून काढल्यावर पिशवी लगेच फोडायची नाही. खोलीइतकं गरम होईपर्यंत थांबायचं, नाहीतर गार कापडावर दव धरतं, थरांमध्ये अडकतं आणि ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे दाबाखाली तापवणाऱ्या भट्टीच्या, उष्णतेत त्याच्या जागी पोकळ्या राहतात. दर एक टक्का पोकळीमागे थरांमधली कातरबलाला तोंड देण्याची ताकद साधारण ७ टक्क्यांनी घटते. बोइंग ७८७ च्या वजनात जवळपास निम्मं कंपोझिट, म्हणजे असं धागे आणि रेझिन मिळून बनलेलं साहित्य, आहे, हे आठवलं की पिशवीपाशी थांबण्याचा कंटाळा येत नाही.

धातूकामात पत्रा आधी तयार असतो, आपण त्याला आकार देतो. कंपोझिटचं साहित्य मात्र वस्तूबरोबरच तयार होतं. त्यामुळे कापड अंथरणाऱ्या माणसाच्या हातात डिझायनरइतकीच जबाबदारी असते. इथल्या लॅबमधल्या तंत्रज्ञाला विचारल्याशिवाय संशोधकही साच्याला हात लावत नाहीत, हे मला फार आवडलं. आपल्याकडे इंजिनिअरिंगची मुलं सॉफ्टवेअरवर पार्टचं चित्र सुंदर काढतात आणि शेडमध्ये जायला नाखूश असतात. मला ते मनापासून खटकतं, कारण पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण हे सगळं आपल्या दारात आहे.

यंदा इथे शिकायला यायचा अर्ज करणाऱ्यांनी ऐन जुलैत ओळखीच्या एखाद्या शेडमध्ये महिनाभर काढावा. ड्रायरची वेळ कोण ठरवतं, रिग्राइंड (वाया गेलेले पार्ट दळून केलेला दाणा) किती टक्के मिसळतात, अर्धं वापरलेलं पोतं कसं बांधून ठेवतात, हे त्या दादांना विचारून वहीत उतरवून घ्या. आणि अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी जर्मन शिकून या; मशीनपाशी उभे असलेले तंत्रज्ञ बारकावे जर्मनमध्येच सांगतात.