ओहायोचे हिमवादळ, जानेवारी १९७८

हिमवादळ म्हटले की बर्फ किती इंच पडला, हेच आधी विचारले जाते. पण २६ जानेवारी १९७८ रोजी अमेरिकेच्या ओहायो राज्याला ज्या वादळाने झोडपले, त्याच्या नोंदी वाचताना मला वायुभारमापकाचा आकडा अधिक बोलका वाटतो. क्लीव्हलंड येथे हवेचा दाब सुमारे ९५८ हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. एवढा कमी दाब आपण एरवी तीव्र चक्रीवादळाच्या केंद्रात, तोही उबदार समुद्रावर, असल्याचे ऐकतो. हे शहर मात्र महासागरापासून शेकडो किलोमीटर आत वसलेले आहे.

चक्रीवादळाला बळ मिळते ते समुद्राच्या वाफेतून. या वादळाला ते मुख्यतः थंड आणि उबदार हवेतील तफावतीतून मिळाले. ध्रुवीय आणि उपोष्ण झोतवाऱ्यांच्या (खूप उंचावरून वेगाने वाहणाऱ्या वाऱ्यांच्या पट्ट्यांच्या) लाटा एकमेकींत मिसळल्या आणि मेक्सिकोच्या आखाताकडून उत्तरेकडे निघालेले कमी दाबाचे क्षेत्र नेमके त्यांच्या खाली आले. वरच्या थरांतून हवा वेगाने बाहेर फेकली जात होती, खालून ती तितक्या वेगाने भरून येत नव्हती. परिणामी केंद्रातील दाब चोवीस तासांत सुमारे ४० हेक्टोपास्कलने कोसळला. त्या अक्षांशावर याच्या निम्म्याहून कमी घसरण झाली, तरी हवामानशास्त्रज्ञ अशा वादळाला ‘बॉम्ब’ म्हणतात.

आदल्या रात्री ओहायोत चक्क पाऊस आणि धुके होते. शीत आघाडी, म्हणजे चाल करून येणाऱ्या थंड हवेची पुढची कडा, पुढे सरकताच काही तासांत पारा गोठणबिंदूच्या बराच खाली गेला, ओले रस्ते गोठले आणि त्यांवर हिम साचू लागले. मिशिगन सरोवराकाठच्या मस्कीगनला सुमारे ३० इंच हिम पडले. ओहायोत बहुतेक ठिकाणी ते याहून पुष्कळ कमी होते. पण क्लीव्हलंडला वाऱ्याचे झोत ताशी १३० किलोमीटरच्या आसपास पोहोचले. अशा वाऱ्यात मोजपट्टीला फारसा अर्थ उरत नाही, कारण मोकळ्या शेतातले हिम उडून घरांच्या आडोशाला दारे बुजेपर्यंत साचते.

एकट्या ओहायोत ५१ जण दगावले. त्यांतील कित्येक जण अडकलेली गाडी सोडून पायी निघाल्यावर गारठून गेले. मॅन्सफील्डजवळ मात्र हिमाखाली गाडल्या गेलेल्या मालट्रकचा चालक आतच राहिला आणि जवळपास सहा दिवसांनी जिवंत सापडला. साचलेल्या हिमात हवा कोंडलेली असल्याने उष्णता त्यातून सहजी निसटत नाही, आणि वारा तर आत शिरतच नाही.