पाचची बैठक

"ती बसतीया नव्हं पाचला. मग चा मीच ठेवतो." आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, फोनवर कुणाला तरी सांगत होत्या. आवाज चढा नव्हता, तक्रारही नव्हती. उलट त्यात कौतुकच होतं, असं हे म्हणतात. हे तिथे नव्हतेच, तरी म्हणतात.

आज पहाटे ध्यानाला बसले, डोळे मिटले, आणि श्वासाकडे लक्ष द्यायचं सोडून स्वयंपाकघरातले आवाज ऐकत राहिले. लायटर दोनदा वाजला. पातेलं ठेवल्याचा आवाज आला. मग आलं ठेचायला घेतलं, पण अगदी हळू. मला त्रास नको म्हणून. ते हळू ठेचणंच जास्त लागलं. दाणदाण आपटलं असतं तर निदान मला मनातल्या मनात चिडता तरी आलं असतं.

मी पहाट निवडली ती कुणाला गैरसोय नको म्हणूनच ना? दिवसातला प्रत्येक तास कुणाच्या तरी नावावर चढलेला आहे. डबे, शाळेची रिक्षा, ऑफिस, संध्याकाळची भाजी. पाच ही एकच वेळ कुणाची नाही असं मी धरून चालले होते. आता तीही चहाच्या हिशोबात आली.

ब्राह्ममुहूर्ताचं म्हणाल तर ते गणित मला पाठ आहे. सूर्योदयाआधी ९६ मिनिटं सुरू होतो आणि ४८ मिनिटं चालतो. म्हणजे इथे जानेवारीत साडेपाचच्या सुमारास लागतो, मे संपताना साडेचारच्याही आधी. माझे पाच उन्हाळ्यात त्याच्या शेपटाला लागतात, हिवाळ्यात तो लागायच्या आधीच मी मांडी घालून तयार. मुहूर्त सूर्याबरोबर मागेपुढे सरकतो. रिक्षावाले काका सरकत नाहीत.

दुसरी वेळ शोधून बघितली नाही असं नाही. दुपारी जेवण झाल्यावर बसलं की मान पडते. जेवण हलकं ठेवलं तरी पडते, कारण त्या वेळेला शरीर स्वतःहूनच सुस्तावतं. रात्री अंथरुणाशेजारी डोळे मिटणं म्हणजे झोपेला बोलावणं पाठवणं.

राहिली संध्याकाळ. तिन्हीसांजेची वेळ जुन्या लोकांनीही चांगलीच मानलेली. पण आमच्याकडे तेव्हा कुकर, मालिका आणि वन्संचा फोन असं तिन्ही एकदम सुरू असतं. अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाच्या गर्दीत उभी होते तेव्हा हेच डोक्यात आलं होतं. देवीपर्यंत पोचायला मावळत्या सूर्यालासुद्धा नोव्हेंबरात ९, १०, ११ आणि मग ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी एवढेच दिवस. त्यातही ढग आला किंवा महाद्वार रोडवरची एखादी इमारत आडवी आली, की किरणं कमरेपर्यंत जाऊन परत. तिथे ही गत, मग मी सात वाजता हॉलच्या कोपऱ्यात काय दिवे लावणार!

आळत्याच्या विपश्यना शिबिरात हा प्रश्नच नव्हता. पहाटे चारला घंटा, साडेसहाला नाश्ता समोर. तो रांधणारे धम्मसेवकही जुने साधकच, आपली बैठक सांभाळून राबणारे. निघताना सांगितलं, घरी सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास. घरी धम्मसेवक कोण, ते नाही सांगितलं.

दादा, माझे सासरे, होते तेव्हा पहाटे चहाला दोघं असायचे. असो.

तर आज दुपारी भाजी निवडताना मीच विषय काढला. म्हटलं, "आत्या, उद्यापासून आधी चहा ठेवते आणि मग बसते. तुम्ही पडा जरा."

त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "कशाला? माझा चा बिघडवायला?"

"बिघडवायला कशाला?"

"तू बसलीस की तेवढा अर्धा-पाऊण तास सैंपाकघर माझं असतंय. एकदा का तू आत आलीस की सुरू, आत्या साखर कमी घाला, आत्या गॅस बारीक करा. बस की तू गप तिकडं."

साखरेचं डॉक्टरांनी सांगितलंय, मी नव्हे. पण ते तेव्हा बोलले नाही.

खरं तर मोकळं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण दिवसभर जो अपराधीपणा मी जपून वागवला, तो घ्यायला कुणी तयारच नाही म्हटल्यावर जरा फजिती झाल्यासारखंही वाटलं. मी बसते म्हणून त्यांना उठावं लागतं, असं धरून बसले होते मी. त्या तर मी कधी एकदा बसतेय याची वाट बघत असतात! आणि त्या पाऊण तासात चहात साखर किती पडते, हा वेगळाच प्रश्न. उद्या श्वासाबरोबर चमच्याचा आवाजही मोजणार मी, मला माहीत आहे.

वेळ मात्र पाचचीच ठेवली आहे. रविवार सोडून. रविवारी हे मटणाला लवकर निघतात आणि पिशवी कुठंय हे बरोबर पाच वाजून दहा मिनिटांनी मलाच येऊन विचारतात.