पंखा थांबला आणि किल्ली आटली

परवा रात्री साडेअकराला आई खोलीत डोकावली. "अरे, एवढ्या थंडीत पंखा कशाला?" म्हणत बटण बंद करून गेलीही. सोल्डरचा धूर जावा म्हणून तो लावला होता. पाती मंदावली तशी लॅपटॉपवरची, रेडिओ सिग्नलची ताकद दाखवणारी, उड्या मारणारी रेघ संथ झाली, आणि पंखा थांबला तेव्हा अगदी सपाट. आठवडाभर मला जे उमगत नव्हतं ते त्या रेघेत दिसलं.

दोन उपकरणांना संदेश कुलूपबंद करायची गुप्त किल्ली रेडिओ सिग्नलच्या चढउतारांतून बनवायचा माझा प्रयोग चालू आहे. माझ्या टेबलावर एक प्लूटो आहे, दुसरा भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात. हे दोन सॉफ्टवेअर रेडिओ (संगणकातल्या प्रोग्रामवर चालणारे छोटे रेडिओ) ८६६ मेगाहर्ट्झवर आळीपाळीनं एकमेकांना छोटासा सिग्नल पाठवतात. (८६५ ते ८६७ हा पट्टा आपल्याकडे कमी ताकदीच्या उपकरणांना विनापरवाना खुला आहे.) सिग्नल भिंतींवर, फ्रिजवर, कपाटावर आपटत पोचतो आणि जाताना जसा विस्कटतो तसाच येतानाही. दोघांनी आपापल्या जागी त्याची ताकद मोजायची. सरासरीच्या वर गेली तर १, खाली राहिली तर ०. काठावरची मापं टाकून द्यायची, उरलेल्या चुका पॅरिटी बिटांनी (गटातले १ सम आहेत की विषम हे सांगणारे जादा बिट) जुळवायच्या, मग हॅश, म्हणजे सगळे बिट गणितानं घुसळून ठरावीक लांबीचे करायचे. दोघांकडे एकच किल्ली तयार होते आणि ती किल्ली स्वतः हवेतून कधी जातच नाही. चोरून ऐकणारा अर्ध्या तरंगलांबीहून लांब असला, म्हणजे इथे १७ सेंटिमीटर, वीतभरही नाही, की घरासारख्या आडोशाच्या जागेत त्याची मापं वेगळीच येतात. मोकळ्या माळावर मात्र यावर भिस्त ठेवता येत नाही.

आणि काही हललंच नाही तर? मग तेच ते माप पुन्हा पुन्हा. माझी किल्ली इतके दिवस पंखा बनवत होता! ज्यांची मला खरी काळजी आहे ती बिनतारी उपकरणं, दाराचं कुलूप, विजेचं मीटर, शेतातल्या पंपाचा स्टार्टर, सगळी अशीच निश्चल जागी बसलेली असतात.

याचं उत्तर जपानमध्ये एटीआर या संस्थेतल्या संशोधकांच्या २००५ सालच्या कामात आहे. खोली हलत नसेल तर अँटेनाच बदलत राहायची. त्यांच्या अँटेनात मधल्या सळईला रेडिओ जोडलेला. भोवतीच्या सहा सळयांना रेडिओ नाही, बुडाशी फक्त व्हॅरॅक्टर डायोड, म्हणजे व्होल्टेजनुसार ज्याची धारकता सलग बदलते असा डायोड. डायोडचा व्होल्टेज बदलला की सिग्नलचा झोत वळतो, आणि भिंतींवरून येणारी सगळी बेरीजच नवी होते. एकही भाग न हलवता.

मी पुण्याच्या तपकीर गल्लीतून पितळी सळया आणल्या, साडेआठ सेंटिमीटरचे तुकडे कापले, तांब्याच्या बोर्डावर मध्ये एक आणि भोवती चार उभे केले. व्हॅरॅक्टर मिळाले नाहीत म्हणून पिन डायोड लावले, जे बटणासारखे फक्त चालू-बंद होतात. काल रात्री पंखा बंद ठेवून चालवलं आणि रेघ पुन्हा उड्या मारू लागली. दोन्ही प्लूटोंचे चढउतार जुळत होते. चोरून ऐकणारा म्हणून शेजारच्या खोलीत ठेवलेल्या आरटीएल डोंगलचे (फक्त ऐकू शकणारा यूएसबी रेडिओ) जुळत नव्हते.

पण चार डायोड, प्रत्येक चालू किंवा बंद, म्हणजे झोताचे आकार १६ आणि एकेका मापातून एकच बिट. स्तब्ध खोलीत सतरावं माप पहिल्याचीच नक्कल. १२८ बिटांची किल्ली त्यातून निघणार नाही. सलग बदलणारा व्होल्टेज हवाच, म्हणून व्हॅरॅक्टर मागवलेत. ते येईपर्यंत दुसऱ्या प्लूटोसाठीही सळया कापून ठेवतो.