तुम्ही विचारलंत म्हणून: मुली मला 'आई' का म्हणत नाहीत

आमच्या बालगृहात वाढदिवसाचा केक घेऊन येणारे, धान्य देणारे, माझ्या सख्ख्या जावासुद्धा हेच विचारतात: एवढं करता मुलींचं, मग 'आई' का म्हणू देत नाही? 'ताई' किती परकं वाटतं! एक बाई तर तोंडावर म्हणाल्या, "मन घट्ट आहे हो तुमचं." रात्री तीनला उठून ओल्या चादरी मीच बदलते. पण ते राहू दे.

बालगृहात सगळी अनाथच असतात असं तुम्ही धरून चालता. आमच्याकडच्या बहुतेकींची आई आहे. नवरा गेलेली, कर्जात बुडालेली, पण आहे.

सुरुवातीला मीही म्हणू देत होते. 2016 साली सहा वर्षांची एक मुलगी होती. बाप वारलेला, आई भावाबरोबर ऊसतोडीला जायची. हंगाम संपल्यावर, पाडव्याच्या सुमारास, ती भेटीला आली. बोटांना चिंध्या बांधलेल्या, पिशवीत काकवीची बाटली. बाहेरचं खाणं मुलींच्या हातात द्यायचं नाही, म्हणून मी ती बाटली कोठीत जमा करून घेतली. मुलगी माझ्या पदराआड शिरली आणि मला म्हणाली, "आई, मला नाही जायचं हिच्याकडं."

ती माउली काही बोलली नाही. थोड्या वेळानं एवढंच, "ऱ्हाऊ द्या बाई. तुमच्याकडंच बरी हाय ती." भेटीची वेळ संपायच्या आतच निघाली. पुन्हा आली नाही. बालकल्याण समितीनं पाठवलेलं पत्रही परत आलं.

सहकारी म्हणतात, कारणं दुसरी असतील. ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेली उचल फिटली नसेल, गाव सोडलं असेल. असेलही. पण मुलगी पदराआड शिरली त्या क्षणी मला आनंद झाला होता, हे त्यांना मी कधी सांगितलं नाही.

संस्था हा शेवटचा उपाय, असं 2015 चा बाल न्याय कायदा सांगतो. मूल घरीच सांभाळता यावं म्हणून असलेल्या बालसंगोपन योजनेत तेव्हा महिन्याला 425 रुपये मिळायचे, आता 2250 मिळतात. त्या दिवशी त्या माउलीला बसवून अर्ज भरून घ्यायचा सोडून मी बाटलीची नोंद करत बसले.

दुसऱ्या दिवसापासून 'ताई' म्हणायला लावलं. पंधरा दिवस ती मला कशानंच हाक मारेना. वेणी घालायची असली की नुसता कंगवा पुढे धरायची. तिचा काय दोष होता? आमच्या निवृत्त गृहमातेला सगळ्या मुली आईच म्हणायच्या. लग्न झालेल्या अजून तिला फोन करतात. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही.

यंदा दहावीचा फॉर्म भरताना आईच्या नावाच्या रकान्यापाशी तीच मुलगी थांबली. मी नाव सांगितलं. तिनं नीट अक्षरात लिहिलं आणि विचारलं, "ताई, काकवी आणलेल्या त्याच ना ह्या?"