पिशवीतली सर्टिफिकिटं

जुलैतली दुपार. रबाळे एमआयडीसीत सकाळपासून पावसाने धरलं होतं. आमच्या कारखान्याच्या टाइम ऑफिसच्या, म्हणजे कामगारांची हजेरी-नोंदणी बघणाऱ्या खोलीच्या, दारात एक बाई छत्री मिटवत उभी होती. म्हणाली, "मॅडम, यांचा राजीनामा द्यायचाय."

नवरा आमच्याकडे प्रेसवर कंत्राटी हेल्पर. मणक्याचा टीबी, म्हणून फेब्रुवारीपासून घणसोली गावातल्या खोलीत पाठीला पट्टा बांधून पडून. राजीनामा दिला की पीएफ निघेल, त्यात थकलेलं भाडं आणि पोराची फी भागेल, असा हिशोब घरात झाला होता.

"ईएसआयचे पैसे येत नाहीत का?" मी विचारलं. ईएसआय म्हणजे पगारातून वर्गणी कापून मिळणारा सरकारी कामगार विमा.

"मे महिन्यात बंद झाले. एक्याण्णव दिवस संपले म्हणे. सुपरवायझर म्हणतात, नाव कमी होणारच आहे, त्यापेक्षा आपणहून सोड."

हे ऐकून मला फार संताप आला. आजारपणाचा लाभ चालू असताना कामगाराला काढता येत नाही, हे कायद्यातच आहे. पण 'आपणहून सोड' म्हटलं की काढल्याचा डागही लागत नाही.

एक्याण्णव दिवसांचं मात्र खरं होतं. साध्या आजारपणाचा लाभ लागोपाठच्या दोन लाभ कालावधींत, म्हणजे साधारण वर्षभरात, 91 दिवसच मिळतो. सरासरी रोजच्या मजुरीच्या 70 टक्के. तिच्या नवऱ्याची सरासरी 560 रुपये, म्हणून दिवसाला 392 यायचे. पण टीबी, कॅन्सर, अर्धांगवायू, किडनी निकामी होणं अशा 34 दीर्घ आजारांची एक वेगळी यादी आहे. त्या आजारांत लाभ पुढे चालू राहतो आणि टक्केवारी घटत नाही, उलट 80 होते. आणखी 309 दिवस, आणि गरज असेल तर मेडिकल बोर्डाच्या शिफारशीने दोन वर्षांपर्यंत. मणक्याच्या टीबीला गोळ्याच वर्षभर चालतात, तिथे 91 दिवस कसे पुरणार? ही यादी आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ कामगारांना ठाऊक नसते.

मी ईएसआयच्या पोर्टलवर त्याचा विमा नंबर टाकला आणि थांबले. या वाढीव लाभाला आजाराआधी सलग दोन वर्षं विमापात्र, म्हणजे ईएसआयची वर्गणी कापली जाणारी, नोकरी लागते, आणि आधीच्या चार सहामाही वर्गणी कालावधींत मिळून 156 दिवसांची वर्गणी. दिवस भरत होते. पण नोकरी मागच्या वर्षीच्या जानेवारीपासूनच दिसत होती. आजारापर्यंत जेमतेम तेरा महिने.

"असं कसं ताई? पाच वर्षं कापताहेत की पगारातून." मॅडमची ताई कधी झाले कळलं नाही. तिने पर्समधून नवऱ्याचं ईएसआयचं जुनं पहचान कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यावरचा विमा नंबर वेगळा होता.

तेव्हा माझ्या पोटात खड्डा पडला. त्या जानेवारीत कंत्राटदार बदलला होता. 38 माणसांची नवी नोंदणी एका रात्रीत करायची होती आणि जुन्याने नंबरांची यादी दिलीच नव्हती. आधीचा विमा क्रमांक आहे का, असा प्रश्न पोर्टलवर येतो. मी प्रत्येकाच्या पुढे 'नाही' केलं होतं. नऊच्या बसच्या आत काम संपवलं म्हणून त्या रात्री मला बरंही वाटलं होतं. त्या एका 'नाही'ने या माणसाची चार वर्षं पुसली गेली होती.

मी तिला तसं स्पष्ट सांगितलं. ती काही बोलली नाही. एवढंच विचारलं, "मग आता होईल का?"

ते सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. लाभ बंद झाल्यापासून त्याने दवाखान्यातून सर्टिफिकीट घेतलं नसेल, तर ते दिवस गेलेच. सर्टिफिकीट नसलेल्या दिवसाचे पैसे नाहीत. पैसे येत नाहीत म्हटल्यावर कोण कशाला घेईल? तिने साडीच्या दुकानाची एक प्लास्टिकची पिशवी उघडली. आत रबर लावलेली गठ्ठी. कडा दमट, एकावर हळदीचा डाग, पण तारखा ओळीने लागलेल्या, मे, जून, जुलै, एकही खाडा नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई दर खेपेला बजावायच्या, कागद घेतल्याशिवाय जाऊ नका. "कशाला उपयोगी येतील ते माहीत नव्हतं, पण सरकारी शिक्का आहे म्हटल्यावर टाकवेना," ती म्हणाली.

राजीनाम्याचा कागद मी तिच्यासमोर फाडला.

दोन्ही नंबर एकाच माणसाचे आहेत असं पत्र, आधार, जुन्या कंत्राटदाराची पगारपत्रकं, वाशीच्या ईएसआय हॉस्पिटलचे कागद, असं सगळं घेऊन मी ईएसआयच्या शाखा कार्यालयात गेले. पत्रात चूक म्हणून माझं नाव घालायला आमचे साहेब तयार नव्हते, मी घातलं. नंबर जोडायला तीन आठवडे लागले, मग मेडिकल रेफरीची, म्हणजे ईएसआयच्या पडताळणी करणाऱ्या डॉक्टरची, तपासणी, मग मंजुरी. सप्टेंबरच्या मध्यात तिचा फोन आला. 120 दिवसांचे 53,760 एकदम जमा झाले होते. घरमालकाला देऊन आले, म्हणाली. टीबीच्या रुग्णाला आहारासाठी सरकारकडून येणारे निक्षय पोषणचे महिन्याचे हजार रुपये मिळतात का, तेही मी तेव्हाच विचारून घेतलं. त्यासाठी बँकेचे तपशील द्यायचे राहिले होते.

बाकीच्या 37 जणांना मी एकेक करून बोलावलं. आणखी नऊ जणांचे दोन-दोन नंबर निघाले. चौघांचे जोडून झाले. पाचांचे व्हायचेत. त्यातल्या एकाचं जुनं कार्ड पाटणला घरी आहे, दिवाळीला गेला की आणतो म्हणालाय.